साडेतेरा सेंटिमीटरची डिकी

मागच्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टात, कराडहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. "तुझं रोजचं काम गाड्यांचं. तूच सांग, स्विफ्ट घेऊ का डिझायर?"

काम गाड्यांचं हे खरं, पण ठोकलेल्या गाड्यांचं. मी विम्याचा सर्व्हेअर. नवीकोरी गाडी दाखवली तरी मला आधी तिचा चेपलेला बंपरच दिसतो. त्यामुळे नातेवाईक सल्ला विचारतात आणि मग बहुतेक वेळा आपल्याला हवं तेच करतात. या वेळी मात्र मधे दीड महिना रिकामा मिळाला आणि त्या दीड महिन्यात जे निघालं ते मला स्वतःलाही नवं होतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी घर. सोमवार पेठेतलं जुनं घर, रस्त्याला लागून, समोर गाडीपुरती पोर्च. दादा पतसंस्थेत, घरापासून दहा मिनिटांवर. तो स्कूटरवर जातो. वहिनी उंब्रजच्या अलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, जाऊन-येऊन रोज छत्तीस किलोमीटर. मावशी बहात्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले, ऑपरेशनला तयार नाही. पुतणी पुण्यात इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर. पुतण्या दहावीत. दारात २०१३ ची अल्टो ८००, जिचा एसी बंद पडून तीन उन्हाळे झाले होते.

बजेट साडेआठ लाख, रस्त्यावर येईपर्यंतचा सगळा खर्च धरून. फार ताणलं तर नऊ.

दोन्ही गाड्या मारुतीच्याच : स्विफ्ट हॅचबॅक, म्हणजे जिचं मागचं दार काचेसकट उघडतं अशी; डिझायर सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली. दादाचा कौल फोनवरच कळला होता. त्याला डिकीवाली गाडी हवी होती. तो सेडान म्हणत नाही, डिकीवाली म्हणतो. आणि त्या शब्दात नुसती डिकी नसते. कराडसारख्या गावात डिकीवाली गाडी दारात उभी राहिली की माणूस एक पायरी वर चढतो, ही समजूत अजून गेलेली नाही. वहिनींचा याला एका वाक्यात विरोध होता. "भाऊजी, पांढरी डिझायर घेऊन मी शाळेत जायला निघाले ना, तर मलकापूर फाट्यावर लोक हात करून थांबवतील, पुण्याला जाणार का म्हणून." यात तथ्य आहे. टूरिस्ट परमिटवाल्यांनी ही गाडी इतकी वापरली आहे की पिवळ्या पाटीशिवाय ती पाहिली की क्षणभर चुकल्यासारखं होतं. पण टॅक्सीवाले एखादी गाडी उगाच उचलत नाहीत. त्यांचा हिशेब तुमच्या-माझ्यापेक्षा कडक असतो.

बाकीच्या गाड्या आम्ही लवकर बाजूला ठेवल्या. टाटांची टियागो-टिगोर, ह्युंदाईची निऑस-ऑरा, होंडाची अमेझ, सगळ्यांची नावं निघाली. दादाचा गॅरेजवाला मित्र गेली वीस वर्षं मारुतीवरच हात चालवतो आणि अल्टोने बारा वर्षांत फारसा त्रास दिला नव्हता. कारण एवढंच. ते पुरेसं आहे का, यावर वाद घालता येईल. आम्ही घातला नाही. मला स्वतःला ही जोडी दुसऱ्याच कारणाने बरी वाटली. इंजिन तेच, १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं, ताकद तीच, ८२ पीएसच्या आसपास. रुंदी तीच १७३५ मिलिमीटर. जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर, दोन्हींची. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४५० मिलिमीटर, तेही सारखं. टाकी दोन्हीकडे ३७ लिटरची. कंपनीचा अ‍ॅव्हरेजचा आकडा एएमटीला, म्हणजे क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीला, एकीचा २५.७५, दुसरीचा २५.७१. म्हणजे इंजिन, चाकं, रुंदी सगळं कायम ठेवून नुसती डिकी मोजायची असेल तर याहून सोयीची जोडी सापडणार नाही.

लांबी तेवढी वेगळी. स्विफ्ट ३८६० मिलिमीटर, डिझायर ३९९५. फरक साडेतेरा सेंटिमीटरचा, वीतभरही नाही. त्या साडेतेरा सेंटिमीटरांत सामानाची जागा २६५ लिटरवरून ३८२ वर जाते.

३९९५ हा आकडा इतका काठावर का, तेही सांगतो, कारण दादाला ते माहीत नव्हतं आणि ऐकल्यावर तो जरा खट्टू झाला. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. लहान गाडी कुठली? चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. झालं, सगळ्यांनी टेप काढले. टाटांची इंडिगो सीएस २००८ मध्ये याच मापात बसवून आली. पहिली डिझायर त्याच वर्षीची, पण ती ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ च्या नव्या डिझायरची शेपटी कापून ती ३९९५ वर आणली. डिकीवाल्या छोट्या गाड्या मागून जरा तुटक दिसतात त्या यामुळे. तो आकार चित्रकाराने काढलेला नाही, कर खात्याने काढलेला आहे.

आणि २०२५ च्या ऑगस्टातही घोडं करापाशीच अडलं. पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं सूतोवाच झालं आणि शोरूमं ओस पडली. सप्टेंबरच्या सुरुवातीला कौन्सिलचा निर्णय आला : छोट्या गाड्यांवर २८ टक्के आणि वर पेट्रोलला एक टक्का उपकर होता, तो एकूण १८ टक्के होणार, २२ सप्टेंबरपासून. त्याआधीचा पंधरवडा पितृपक्षाचा. त्यात मावशीने गाडीचं नावही काढू दिलं नसतं. २२ सप्टेंबरला घटस्थापना. सरकार आणि मावशी यांची तारीख एकच निघाली, असं पहिल्यांदाच घडलं असावं.

तर हाताशी वेळ होता. मी वहिनींना सांगितलं, एक वही करा. गाडी घराबाहेर पडली की एक ओळ : कुठे, किती किलोमीटर, कोण कोण, कोण कुठे बसलं, सामान काय. वहिनी शिक्षिका, हजेरीपत्रक भरावं तशी त्यांनी वही भरली. १८ ऑगस्ट ते २१ सप्टेंबर.

या वहीपाशी येण्याआधी चिपळूणची फेरी सांगायला हवी, कारण दादाचा सगळा युक्तिवाद त्या एका फेरीवर उभा होता.

वहिनींचं माहेर चिपळूणजवळ. गणपतीला जाणं चुकत नाही. २७ ऑगस्टची चतुर्थी, हे २५ ला निघाले, पाचही जण, अल्टोमधून. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, शंभरेक किलोमीटर. पाऊस मुसळधार, एसी बंद, त्यामुळे काचा आतून धुरकटलेल्या; पुतणी पुढच्या दोन सीटांच्या मधून हात घालून फडक्याने काच पुसतेय. अल्टोची डिकी १७७ लिटरची. जाताना त्यात पाच जणांचे कपडे, मखराचं सामान, मिठाईचे डबे. येताना पंचवीस किलो तांदळाचं पोतं, सोललेले वीस नारळ, काकड्या, आगळाच्या दोन बाटल्या आणि शेवटच्या क्षणी कोणीतरी आणून दिलेलं पडवळ, जे कुठल्याच पिशवीत मावेना. ते पुतण्याने कराडपर्यंत मांडीवर आडवं धरलं. एक बॅग मावशीच्या पायांखाली. उतरताना गुडघा असा धरला की तिला दोघांनी उचलून ओट्यावर बसवलं.

"हे बघितल्यावर बोल आता," दादा मला म्हणाला. "डिकी नको म्हणतोस?"

मी नको म्हटलंच नव्हतं. पण वही उघडली. पाच आठवड्यांत ३४ नोंदी. त्यांतल्या २२ शाळेच्या : वहिनी एकट्या, किंवा सोबत वाटेत चढणाऱ्या एक बाई. सामान म्हणजे पर्स आणि वह्यांचा गठ्ठा. तीन किरकोळ बाजाराच्या. दोन चिपळूणच्या, गच्च भरलेल्या. उरलेल्या सात मावशीच्या : फिजिओथेरपी, डॉक्टर, एकदा बँकेत हयातीच्या दाखल्याची चौकशी. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून दुपारी वहिनी तिला घेऊन जायच्या.

त्या सात ओळी मी दोनदा वाचल्या. प्रत्येक ओळीत तेच : "चालक मी. आई मागे." गाडीत दोनच माणसं. पुढची सीट रिकामी.

मी मावशीला विचारलं, तू पुढे का बसत नाहीस?

"पुढं? पुढं तुझा दादा बसतोय."

"पण दादा नसतोच की गाडीत."

"मग मोकळी ऱ्हाती ती. मी आपली मागंच बसती. सवय हाय."

दादाचे वडील होते तेव्हा पुढे ते बसायचे, मग दादा. बाईमाणसाने मागे बसायचं हे तिच्या अंगात इतकं भिनलेलं की सून गाडी चालवत असतानाही ती मागचं दार उघडून, पाठ वाकवून, गुडघा दुमडून मागे शिरायची. आणि आम्ही सगळे महिनाभर मावशीसाठी मागचं बाक कुठल्या गाडीचं चांगलं यावर डोकं फोडत होतो.

तरी दोन्ही गाड्यांत तिला बसवून पाहिलंच. शोरूममध्ये नव्हे. तिथली फरशी सपाट आणि दार सताड उघडायला जागा भरपूर, त्याला काही अर्थ नाही. टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी आणा म्हटलं आणि ओट्याजवळ, उतारावर लावून बघितलं. चार-चार वेळा. डिझायरमध्ये मागे बसल्यावर ती खूश : बाकाची पाठ जरा जास्त कललेली, त्यामुळे चाकांमधलं अंतर तेच असूनही पाय मोकळे वाटतात, मधे हात टेकायला आर्मरेस्ट, आतला रंग फिकट, काच मोठी, उजेड. पण शिरताना मागचं छत उतरतं आलेलं, दोनदा कपाळ टेकलं. स्विफ्टमध्ये डोकं लागलं नाही, मात्र आत बसल्यावर म्हणाली, "कोंडल्यागत होतंय." खिडकीची कड मागे वर चढत जाते आणि आतून सगळं काळं, त्यामुळे होतं तसं. तिचं म्हणणं बरोबर होतं. मग तिला पुढे बसवलं. दोन्हींत पुढे बसवलं. पुढच्या सीटमध्ये तिला दोन गाड्यांत काही फरक कळला नाही, कारण फरक नाहीच. आधी बैठक टेकवायची, मग पाय आत घ्यायचे, हे तिसऱ्या खेपेला तिला जमलं. वरचं हँडल धरून ती स्वतःची उतरली.

इथे एक आडवाट आली, ती लपवत नाही. खरं तर गुडघ्यांसाठी या दोन्ही गाड्या खालीच आहेत. वॅगन आरसारख्या उंच गाडीत माणूस खुर्चीत बसावं तसं बसतो. तिची डिकी ३४१ लिटरची आहे, डिझायरपेक्षा फक्त ४१ लिटर कमी, आणि लांबी ३६५५ मिलिमीटर, म्हणजे स्विफ्टपेक्षाही वीतभर आखूड. किंमत दोन्हींपेक्षा कमी. मी हे मांडलं तेव्हा पुतणीने पुण्याहून फोनवरच तिचा निकाल लावला : गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ च्या चाचणीत तिला पाचपैकी एक स्टार होता, आणि आई रोज हायवेवरून जाते. दुसरीकडे डिझायरला नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच संस्थेने मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार दिले होते, मारुतीच्या गाडीला पहिल्यांदाच. "मग डिझायरच घ्या ना," पुतणी म्हणाली.

हा मुद्दा वजनदार होता, माझ्या धंद्यामुळे मला तर जास्तच. एका गाडीचे स्टार दुसरीला चिकटवता येत नाहीत, सांगाडा एकाच घराण्यातला असला तरी. हे मी पुतणीला स्पष्ट सांगितलं. सहा एअरबॅगा दोन्हींच्या सगळ्या व्हेरिएंटना आहेत, गाडी घसरू न देणारी ईएसपी दोन्हींना आहे. पण पाच स्टार कागदावर एकीलाच होते. त्या रकान्यात डिझायर पुढे आणि ती पुढेच राहिली. माझ्या रोजच्या अनुभवातलं एक त्यात भर घालून सांगतो : मागून धडक बसली की हॅचबॅकचं मागचं दार आणि काच दोन्ही जातात, सेडानची डिकी चेपते पण काच बहुतेक वाचते. मागे बसलेल्यांच्या आणि धडकेच्या मधे सेडानमध्ये थोडं जास्त पत्र्याचं अंतर असतं.

मग सीएनजी. पतसंस्थेतल्या कोणीतरी दादाला ऐन वेळी सांगितलं की आता पेट्रोल घेणं वेडेपणा. हिशेब केला. शाळेच्या सुट्ट्या वजा जाता वर्षाला अकरा हजार किलोमीटर. पेट्रोल शंभराच्या वर, गाडी प्रत्यक्षात अठराचं अ‍ॅव्हरेज देईल असं धरलं, तर वर्षाला साधारण त्रेसष्ट-चौसष्ट हजार. सीएनजी नव्वदच्या आसपास, किलोला सव्वीस किलोमीटर धरले तर अडतीस हजार. वाचले पंचवीस. सीएनजीसाठी मोजावे लागणार नव्वदेक हजार. म्हणजे साडेतीन वर्षांनी बरोबरी, पंपावरची रांग वेगळी. आपल्याकडे सीएनजी गाडीला रस्ता कर कमी लागतो, तेवढा जरा हिशेब सुधारतो.

पण सीएनजी आली की सगळा प्रश्नच उलटा होतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या दोन्ही गाड्यांत सीएनजीची टाकी डिकीत बसते. स्विफ्टच्या डिकीत ती बसली की पिशवी ठेवायलाही जागा उरत नाही. डिझायरमध्ये टाकी बसून निदान दोन बॅगा सारता येतात. सीएनजीच घ्यायची असेल आणि चार माणसं सामानासकट जाणार असतील, तर सेडानचे वरचे पैसे मी डोळे मिटून द्यायला सांगेन. टॅक्सीवाल्यांचा कडक हिशेब म्हणतात तो हाच. टाटा आणि ह्युंदाईने एका मोठ्या टाकीऐवजी दोन बारीक टाक्या खाली बसवून यातून वाट काढली आहे.

आमच्याकडे मात्र सीएनजी वहिनींनी पाडली. कराड-मलकापूरच्या उड्डाणपुलाच्या कामामुळे त्या रस्त्यावर रोज किती वेळ जातो ते त्यांनाच माहीत. पहिला, दुसरा, क्लच, पहिला, क्लच. "मला डावा पाय मोकळा हवाय, बाकी गाडी तुम्ही ठरवा," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि आम्ही ते कानाआड केलं होतं. स्विफ्ट-डिझायरच्या सीएनजीत एएमटी मिळत नाही. विषय संपला. एएमटी गिअर बदलताना मान जराशी पुढे जाते, ते वहिनींनी टेस्ट ड्राइव्हमध्ये सहन करून पाहिलं. चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवते, ते त्यांना आवडलं.

आता राहिले पैसे आणि पोर्च.

घटस्थापनेनंतर नव्या दराची दोन कोटेशनं घेतली, मधलं व्हेरिएंट, एएमटी. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर, म्हणजे शोरूमच्या किमतीतला फरक रस्त्यावर येताना वाढतोच. विम्यातला थर्ड पार्टीचा भाग इंजिनाच्या सीसीवर ठरतो, तो दोन्हींना सारखा; स्वतःच्या नुकसानीचा भाग गाडीच्या किमतीवर, तो डिझायरला थोडा जास्त. सगळं मिळून सत्तर हजारांच्या आत-बाहेर फरक. स्विफ्ट साडेआठात बसत होती, डिझायर नऊला टेकत होती. सत्तर हजार कर्जात घातले तर नऊ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी महिना साडेचौदाशे. एकूण सत्त्याऐंशी हजार. मी दादाला म्हटलं, ही जादा डिकीची किंमत. सत्त्याऐंशी हजार भागिले गच्च भरलेल्या फेऱ्या. वर्षाला चिपळूणच्या दोन खेपा जाऊन-येऊन चार, हॉस्टेलच्या दोन, एखादं लग्न. सात धर. पाच वर्षांत पस्तीस. म्हणजे दर फेरीला अडीच हजार.

दादा म्हणाला, "अडीच हजारांत वेगळी गाडी करून सामान येईल की." मग स्वतःच्याच बोलण्याचा त्याला राग आला. "पण म्हणून काय माणूस सगळं असं भागाकार करून घेतो का?" घेत नाही. ते मलाही मान्य. डिकीत दादाचं जे बसणार होतं ते लिटरमध्ये मोजता येत नव्हतं, आणि मी ते सत्तर हजारांना महाग आहे असं म्हणालो नाही. परवडतं त्याने खुशाल घ्यावं.

शेवटी पोर्चने निकाल दिला. हे माप आम्ही सर्वांत आधी घ्यायला हवं होतं. भिंतीपासून फाटकापर्यंत तेरा फूट चार इंच. पुतण्याने टेप धरला, मी वाचलं. मिलिमीटरमध्ये ४०६४. त्यातून डिझायरचे ३९९५ वजा केले की सात सेंटिमीटर उरतात, पुढे-मागे मिळून. फाटक आत उघडणारं. म्हणजे गाडी आत घेतल्यावर फाटक लागणारच नाही. ते सरकतं करायचं तर उजवीकडे शेजाऱ्यांचा कट्टा. आणि दादाला हवी ती डिकी पोर्चमध्ये उघडायची कशी? गाडी रस्त्यावर काढून, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत. स्विफ्टला वीस सेंटिमीटर. फाटक तिलाही आतून लागत नाही, पण बिजागऱ्या फिरवून दोन पाळ्यांचं बाहेर उघडणारं फाटक केलं की जेमतेम जमतं. लोहाराने साडेचार हजार घेतले.

दादा टेपकडे बघत बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "अल्टो किती होती?" ३३९५. "म्हणजे इतकी वर्षं दोन फूट जागा रिकामीच होती," म्हणाला आणि आत गेला.

२७ सप्टेंबरला स्विफ्ट बुक केली, दसऱ्याला मिळेल या आशेवर. ती आशा अख्ख्या महाराष्ट्राने केली होती. गाडी मिळाली दिवाळी पाडव्याला, २२ ऑक्टोबरला.

आता चार महिने झाले. गाडीने काय दिलं आणि काय नाही, दोन्ही नोंदवतो. दिवाळीनंतर पुतणीला सोडताना हॉस्टेलची गादी न्यायची होती, गुंडाळूनही दार भरेल एवढी जाड. मागचं बाक आडवं केलं, गादी मागच्या दारातून सरळ आत. डिझायरची ३८२ लिटरची डिकी इथे कामाला आली नसती, कारण तिचं बाक आडवं होत नाही. दादा यावर काही बोलला नाही. डिसेंबरात सांगलीच्या लग्नाला पाच जण आणि आहेराच्या पिशव्या अशी वरात निघाली, तेव्हा मात्र तो बोलला. शालू चुरगळू नये म्हणून एक बॅग वहिनींच्या मांडीवर होती आणि दादा सांगली येईस्तोवर "डिकी असती तर" एवढंच म्हणत होता. त्या दिवशी तो शंभर टक्के बरोबर होता. मागच्या काचेला वायपर हवा होता, तो वरच्या व्हेरिएंटला मिळतो. वहिनी पहिल्या पावसाळ्यात मला फोन करणार आहेत. अ‍ॅव्हरेज सतराच्या पुढे गेलेलं नाही, पुलाचं काम चालू आहे तोवर जाईलसं वाटत नाही.

मावशी पुढे बसते. पहिल्या दोन वेळा वहिनींनी पुढचं दार उघडून धरलं, आता स्वतःच उघडते. सीटबेल्ट लावायला मात्र विसरते आणि गाडी टुणटुण वाजायला लागली की वहिनींनाच विचारते, "कोण ओरडतंय ग?"

जानेवारीत दादाने गाडी मागे घेताना फाटकाच्या खांबाला टेकवली. सेन्सर वाजत होता, पण त्याचं म्हणणं, तो रोजच वाजतो. वीस सेंटिमीटर जागेत गाडी आणि खांब यांच्यात सेन्सरला गप्प बसवेल एवढं अंतर कधीच नसतं. बंपरला हातभर ओरखडा. फोटो पाठवून विचारलं, क्लेम टाकू का? रंगाचे दोन-अडीच हजार होतील, क्लेम टाकलास तर पुढच्या वर्षीचा वीस टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, जाईल, टाकू नकोस, असं मी कळवलं. त्यावर त्याचा मेसेज आला : "सेडान असती तर डिकीला लागलं असतं."

सेडान असती तर फाटकच लागलं नसतं, असं मी लिहिलं होतं. पाठवलं नाही.